पोरक्या प्रक्रिया आणि त्यांचे पालक

घरांतील लग्नकार्य आटोपतें, अक्षता पडतात, पंगती उठतात, वऱ्हाड निघून जातें. परंतु कार्य खरोखर संपलें असें घरचा कर्ता पुरुष त्या वेळीं म्हणत नाहीं. भाड्यानें आणलेलीं भांडीं मोजून परत करावयाचीं असतात, आचाऱ्याचा हिशेब चुकता करावयाचा असतो, मांडव उतरवावयाचा असतो. ज्या घरीं हें पाहणारा कोणी नसतो तेथें मांडव आठ आठ दिवस अंगणांत उभा राहतो, त्याचें भाडें चढत जातें, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतें कीं येथें अजून कार्य चालूच आहे. संगणकावर काम करणाऱ्या प्रत्येक माणसाला हा अनुभव केव्हां ना केव्हां येतोच. आज्ञावली बंद होते, तिची चौकट पडद्यावरून नाहींशी होते. पण तिनें मागें सोडलेलें कांहीं तरी आंत राबतच राहतें.

गेल्या पावसाळ्यांत प्रस्तुत लेखकावर असाच प्रसंग आला. रात्रीं घरखर्चाची वही लिहून झाल्यावर हिशेबाची आज्ञावली बंद केली. तरी यंत्राचा पंखा घरघरत राहिला. एक नोंद राहिली म्हणून वही पुन्हां उघडूं गेलों, तों ‘ही वही दुसरीकडे वापरांत आहे’ असें उत्तर मिळालें. घरांतील बाकीचीं माणसें केव्हांच झोंपलीं होतीं. वही वापरणार कोण? चिडून यंत्राचें बटण दाबून धरलें आणि तें बंद केलें. दुसऱ्या दिवशीं वही उघडली, पण शेवटच्या तीन महिन्यांच्या नोंदी नाहींशा झाल्या होत्या. जी अदृश्य प्रक्रिया वही अडवून बसली आहे असें मला वाटत होतें, ती त्या नोंदी लिहून ठेवण्याच्याच कामांत गुंतलेली असावी. तिचा जीव मीं मध्येंच घेतला. त्या चुकीपायीं या विषयाचा इतिहास धुंडाळावा लागला, आणि तो इतका मनोरंजक निघाला कीं वाचकांपुढें ठेवल्यावांचून राहवत नाहीं.

प्रथम एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. आज्ञावली निराळी आणि प्रक्रिया निराळी. आज्ञावली ही पोथी होय; प्रक्रिया हें तिचें पारायण होय. पोथी फडताळांत स्वस्थ पडून राहूं शकते. पारायणाला मात्र वाचणारा लागतो, पाट लागतो, समई लागते, आणि आरंभ केला कीं समाप्तीहि करावी लागते. एकाच पोथीचीं चार ठिकाणीं चार पारायणें चालूं शकतात. त्याचप्रमाणें एकाच आज्ञावलीच्या अनेक प्रक्रिया एकाच यंत्रांत एका वेळीं नांदतात. पडद्यावरची चौकट बंद करणें म्हणजे देवघराच्या दाराचा पडदा ओढणें होय. तेवढ्यावरून आंतील पारायण थांबलें कीं नाहीं हें कळत नाहीं.

पहिल्या पिढीच्या यंत्रांपुढें हा प्रश्न सहसा उभा राहत नसे. छिद्रें पाडलेल्या पत्त्यांचा गठ्ठा यंत्राच्या हवालीं करावा, एका वेळीं एक काम चालावें, तें संपलें कीं सारी स्मृति पुढच्या कामाला मोकळी व्हावी, असा तो सरळ व्यवहार होता. १९६१ सालीं अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यापीठांत कॉर्बाटो यांनीं एकाच यंत्राचा काळ अनेक माणसांत वांटून देणारी प्रणाली चालवून दाखविली, आणि या साध्या संसाराचें एकत्र कुटुंब झालें. १९६३ च्या सुमारास त्याच संस्थेंत, कोणी न सांगतां पडद्यामागें राबणाऱ्या प्रक्रियांना ‘डेमन’ हें नांव पडलें. मॅक्सवेल या पदार्थवैज्ञानिकानें १८६७ सालीं एका विचारप्रयोगांत वायूचे कण निवडून वेगळे करणारा एक अदृश्य जीव कल्पिला होता. त्यावरून हें नांव सुचल्याचें कॉर्बाटो यांनीं पुढें सांगितलें आहे. म्हणजे पडद्यामागें राहणारी प्रत्येक प्रक्रिया चुकून राहिलेली असते असें नव्हे. कांहीं मुद्दाम ठेवलेले सेवक असतात. सेवक कोणता आणि भटकें कोण हें ओळखण्याची अडचण येथूनच सुरू होते.

आतां मुख्य कथेकडे वळूं. १९६९ सालीं बेल प्रयोगशाळेनें ‘मल्टिक्स’ या प्रचंड उपक्रमांतून अंग काढून घेतलें, आणि न्यू जर्सींतील मरे हिल येथें केन टॉम्प्सन, डेनिस रिची व त्यांचे सहकारी यांनीं पीडीपी-७ नांवाच्या एका लहानशा यंत्रावर स्वतःची प्रणाली रचावयास घेतली. हीच पुढें ‘युनिक्स’ म्हणून जगप्रसिद्ध झाली. तिच्या बाल्यावस्थेचा वृत्तांत रिची यांनींच एका निबंधांत लिहून ठेवला आहे. त्या यंत्राला दोन टंकयंत्रें जोडलेलीं होतीं, आणि प्रत्येकासाठीं एक, अशा दोनच प्रक्रिया असत. वापरणाऱ्याच्या आज्ञा ऐकणारी जी ‘शेल’ नांवाची आज्ञावली, ती आज्ञा मिळतांच हवी ती आज्ञावली स्वतःच्याच जागेवर उतरवून घेई आणि आपण पुसली जाई. काम संपलें कीं त्या आज्ञावलीनें ‘एक्झिट’ म्हणावें, आणि शेलची नवी प्रत पुन्हां त्याच जागीं येऊन बसावी. एकच पाट, आणि त्यावर आळीपाळीनें बसणारे दोघे. या व्यवस्थेंत मागें राहणार कोण? राहावयाला जागाच नव्हती.

परंतु या व्यवस्थेंत एक काम चालूं ठेवून दुसरें हातीं घेतां येत नसे. यावरचा उपाय ‘फोर्क’ या नांवानें आला. मेल्विन कॉन्वे यांनीं १९६३ सालच्या एका निबंधांत ही कल्पना मांडली होती. बर्कले येथील काळवांटणीच्या प्रणालींत ती प्रत्यक्ष चालत होती. फोर्क म्हणजे फांटा फुटणें: चालू प्रक्रियेची हुबेहूब दुसरी प्रत निर्माण होते, मूळची ती जनक आणि नवी तें अपत्य. रिची लिहितात कीं पीडीपी-७ वर ही सोय करण्यास यंत्रभाषेच्या अवघ्या २७ ओळी पुरल्या, आणि प्रक्रियांच्या नियमनाची सारी नवी घडी एकदोन दिवसांत बसली. संगणकाच्या इतिहासांत इतक्या थोड्या अक्षरांनीं इतका मोठा संसार क्वचितच मांडला गेला असेल. पण संसार मांडला कीं घरांत जन्म आले, आणि जन्म आले कीं मृत्यु, वारसा आणि पोरकेपणाहि आलाच.

अपत्य काम संपवून केव्हां गेलें हें जनकाला कळावें कसें? या प्रश्नाला पहिलें उत्तर मिळालें तें मोठें गंमतीचें होतें. त्या प्रणालींत एका प्रक्रियेनें दुसरीला निरोप धाडण्याची सोय होती, आणि निरोप घेतला जाईपर्यंत धाडणाऱ्याला थांबून राहावें लागे. शेल अपत्याला जन्म देई आणि लगेच त्याला एक निरोप धाडी. अपत्य तो कधींच घेत नसे. तें आपलें काम करून मरून जाई, आणि मग प्रणाली शेलला कळवी कीं ज्याला निरोप धाडला तो आतां अस्तित्वांत नाहीं. पत्र परत आलें म्हणजे समजावें कीं माणूस गेला! यांतला दोष उघड होता. एखाद्या अपत्यानें चुकून निरोप घेतलाच, तर शेलला वाटे कीं तें गेलें. आणि तें जिवंत असतांनाच शेल पुढची आज्ञा ऐकूं लागे. जिवंतपणींच सुतक फिटावें असा हा प्रकार होता. पुढें ही युक्ति टाकून ‘वेट’ ही स्वतंत्र सोय करण्यांत आली: जनकानें अपत्याच्या मृत्यूची वाट पाहावी आणि त्याचा शेवटचा जबाब स्वीकारावा. त्याच काळांत दुसरीहि एक रीति रूढ झाली. ज्या मूळ प्रक्रियेचा क्रमांक १, ती प्रत्येक टंकयंत्रासाठीं शेल उभा करी, आणि एखादा शेल संपला कीं त्याच्या जागीं नवा बसवी. हीच पुढें ‘इनिट’ नांवानें सर्व प्रक्रियांची मूळपुरुष ठरली.

‘वेट’च्या या सोयींतूनच एक विलक्षण अवस्था निर्माण झाली. अपत्य मेलें, त्याची स्मृति आणि त्याच्या वह्या परत घेतल्या गेल्या. पण त्याचा शेवटचा जबाब जनकानें अजून घेतलेला नाहीं. तो जबाब कोठें तरी जपून ठेवला पाहिजे, म्हणून प्रक्रियांच्या कोष्टकांतील त्याची ओळ तशीच ठेवली जाते. इंग्रजी बोलणाऱ्यांनीं अशा प्रक्रियेला ‘झाँबी’ म्हटलें. आपल्याकडे ज्याचें क्रियाकर्म झालें नाहीं त्याला गति नाहीं, असें मानतात. या प्रक्रियेची दशा नेमकी तशीच असते, फरक इतकाच कीं येथें क्रियेचा अधिकार मुलाला नसून बापाला आहे. अशा प्रेताला मारूं पाहणें व्यर्थ. जें मेलेलेंच आहे त्याला पुन्हां कसें मारणार? तें अन्न खात नाहीं, फक्त जागा अडवितें. परंतु ती जागा अगदींच क्षुल्लक समजूं नये. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीच्या युनिक्समध्यें साऱ्या प्रक्रियांचें कोष्टक ५० ओळींचें होतें. निष्काळजी जनकानें त्यांतल्या चाळीस प्रेतांना लटकत ठेवलें तर जिवंतांना उभें राहावयास ठाव उरणार नाहीं. आजच्या लिनक्स यंत्रांत प्रक्रियांचे क्रमांक गाभ्याच्या मूळ नेमणुकीप्रमाणें ३२७६८ पर्यंत आणि वाढविल्यास ४१ लाखांहून अधिकहि जातात. तरी जनक महिनोन्महिने चालणारा असला तर तेहि कमी पडूं शकतात.

याच्या उलट बाजूस पोरक्या प्रक्रिया होत. येथें अपत्य जिवंत असतें आणि जनकच आधीं मरतो. त्या अपत्याचा सांभाळ कोणी करावा? युनिक्सनें याचें उत्तर उदारपणें दिलें: ज्याला कोणी नाहीं त्याला क्रमांक १ ची प्रक्रिया दत्तक घेते, आणि तें मेलें कीं त्याची शेवटची क्रियाहि तीच करते. जनक गेल्यावर त्याच्या प्रेतरूप अपत्यांनाहि गति मिळते ती याचमुळें. पण या उदारतेचा एक परिणाम असा झाला कीं पोरकीं अपत्यें बिनबोभाट राबत राहूं लागलीं. मूळ मालक गेला, त्याचें कामहि गेलें, आणि तरी त्याच्या नांवाचा गडी घरांत वावरतच राहिला.

या गड्यांना आळा घालणारी पहिली व्यवस्था दूरध्वनीच्या तारेनें दिली. त्या काळीं अनेक जण घरून वा कचेरींतून दूरध्वनीच्या तारेवरून यंत्राशीं बोलत. तार तुटली वा फोन खालीं ठेवला, कीं प्रणाली त्या टंकयंत्राशीं बांधलेल्या प्रक्रियांना ‘हँगअप’ हा संकेत देई, आणि ज्या प्रक्रियेनें दुसरी कांहीं तजवीज केलेली नसे ती तेथेंच संपे. पण एखाद्याला रात्रभर चालणारें गणित लावून घरीं जावयाचें असलें तर? त्यासाठीं ‘नोहप’ ही आज्ञा निघाली. तिच्या आश्रयाखालीं सुरू केलेली प्रक्रिया तो संकेत ऐकूनहि ऐकत नाहीं, आणि तिचें म्हणणें एका वहींत लिहिलें जातें. दीर्घकाळ राबणारे सेवक तर याहूनहि पुढें गेले: जनकानें अपत्य जन्माला घालावें आणि आपण तत्काळ मरावें, म्हणजे अपत्य मुद्दामच पोरकें होऊन क्रमांक १ च्या पदरीं पडावें, अशी त्यांची दीक्षाच ठरून गेली. ज्या पोरकेपणाची इतरत्र चिंता वाटते, तोच येथें संन्यासासारखा स्वेच्छेनें घेतला गेला.

पुढें संशय वाढला. सेवक एवढे झाले कीं कोण कोणाचा हें सांगणें कठीण झालें. प्रत्येक सेवकानें आपला क्रमांक एका लहानशा वहींत लिहून ठेवावा, आणि त्याला थांबवावयाचें झालें तर तो क्रमांक वाचून संकेत धाडावा, अशी रीति बरींच वर्षें चालली. पण क्रमांक पुन्हां पुन्हां वापरले जातात. सेवक मेला, त्याची वही तशीच राहिली, आणि तोच क्रमांक दुसऱ्या निरपराध प्रक्रियेला मिळाला, तर जुन्या पत्त्यावर धाडलेला मृत्युसंदेश नव्या भाडेकरूच्या हातीं पडे. लिनक्समध्यें २०१९ सालीं प्रक्रियेला क्रमांकाऐवजीं अचूक खूण देण्याची सोय झाली ती या घोटाळ्यापायींच.

मोठा पालट त्यापूर्वींच होऊं लागला होता. २००६ सालीं गूगल कंपनींतील पॉल मेनेज व रोहित सेठ या अभियंत्यांनीं प्रक्रियांचे गट बांधण्याचें काम हातीं घेतलें, आणि २००८ च्या जानेवारींत तें लिनक्सच्या गाभ्यांत समाविष्ट झालें. या गटांची खुबी अशी कीं अपत्य जन्मतःच जनकाच्या गटांत पडतें, आणि पोरकें होऊनहि त्याला आपल्या इच्छेनें गट सोडतां येत नाहीं. जनक मेला तरी घराणें पुसलें जात नाहीं. २०१० सालीं लेनार्ट पोएटरिंग व के सीव्हर्स यांनीं पुढें आणलेल्या ‘सिस्टमडी’नें क्रमांक १ चें आसन घेतलें आणि प्रत्येक सेवकाला असा एकेक गट दिला, आतां सेवक थांबवा म्हटलें कीं त्याचा सारा गोतावळा हिशेबांत येतो.

परंतु २०१६ च्या मे महिन्यांत याच सिस्टमडीच्या २३० व्या आवृत्तीनें एक नियम केला, आणि वादळ उठलें. माणूस यंत्रावरून निघून गेला कीं त्याच्या साऱ्या प्रक्रिया, मागें ठेवलेल्यासुद्धां, मारून टाकाव्या, असा तो नियम होता. त्याच्या कर्त्यांचें म्हणणें निराधार नव्हतें: पाहुणा गेला कीं त्याचे गडी घरांत राहूं देणें धोक्याचें असतें, आणि अशा गड्यांनीं यंत्र थकविल्याचीं उदाहरणें विपुल होतीं. विरोधकांचें म्हणणें असें कीं चाळीस वर्षांहून अधिक काळ ‘नोहप’ या शब्दाला जो अर्थ होता, ज्याच्या भरंवशावर लोक रात्रभराचें काम लावून निर्धास्तपणें घरीं जात, तो एका रात्रींत मोडणें हा विश्वासघात आहे. डेबियनच्या मंडळींनीं आपल्या वितरणांत तो नियम बंद ठेवला. माझ्या मतें विरोधकांचें पारडें जड आहे. मागें राहिलेल्या प्रत्येक प्रक्रियेला भटकें समजून हाकलणें सोपें. पण ज्याला माणसानें मुद्दाम थांब म्हटलें त्याला ओळखून ठेवणें, हीच खरी व्यवस्था.

२०१३ सालीं ‘डॉकर’ आल्यावर जुना प्रश्न नव्या वेषांत परत आला. आज्ञावली एका बंद पेटींत चालवावी, आणि त्या पेटींत तिलाच क्रमांक १ द्यावा, ही नवी रीति होती. पण ज्या आज्ञावलीनें जन्मांत कधीं दुसऱ्याचें क्रियाकर्म केलें नाहीं, तिच्या गळ्यांत एकाएकीं साऱ्या घराण्याचें कर्तेपण पडलें. पेटींत प्रेतें साचूं लागलीं; कित्येकदां सौम्य विनंति केली तरी ती तिच्यापर्यंत पोंचेना. शेवटीं एवढ्याच कामासाठीं एक छोटा क्रियाकर्मी क्रमांक १ वर बसविण्याची सोय डॉकरनें २०१७ सालीं करून दिली. विंडोजचें कुळ मात्र निराळें. तेथें जनक मेला म्हणून अपत्याला कोणी दत्तक घेत नाहीं, कीं आपोआप कोणी मारीतहि नाहीं. जनकाच्या शेवटाबरोबर सारा परिवार संपवावयाचा असेल तर विंडोज २००० पासून उपलब्ध असलेला ‘जॉब’ नांवाचा गट आज्ञावली रचणाऱ्यानें आधींच बांधावा लागतो. त्यानें तो बांधला नाहीं कीं चौकट जाते आणि परिवार मागें राहतो.

हा सारा इतिहास पाहिल्यावर मागें राहिलेली प्रक्रिया आढळली असतां काय करावें हें वेगळें शिकवावें लागत नाहीं. प्रथम यंत्राकडून प्रक्रियांची यादी मागावी, आणि तींत प्रक्रियेबरोबर तिच्या जनकाचा क्रमांकहि पाहावा. अवस्था प्रेताची असेल तर तिला हात लावूं नये. दोष तिच्या जनकाचा आहे, त्याला सुधारावें किंवा थांबवावें, म्हणजे क्रमांक १ पुढचें पाहील. जनकाचा क्रमांक १ असेल तर ती पोरकी असेल किंवा मुद्दाम ठेवलेला सेवक असेल. नांव आणि तिनें धरून ठेवलेली वही पाहून निर्णय करावा. ती तबकडीची वाट पाहत अडकलेली असेल तर तबकडीकडून उत्तर येईपर्यंत कोणताहि संकेत तिच्यावर चालत नाहीं. तेथें विकार प्रक्रियेंत नसून यंत्रसामग्रींत शोधावा. आणि मारणेंच प्राप्त झालें तरी क्रम सोडूं नये. ‘किल’ या आज्ञेचें नांव क्रूर असलें तरी ती मुळांत केवळ निरोप धाडते. १५ क्रमांकाचा संकेत म्हणजे ‘आतां आवरा’ ही विनंति: ती ऐकून प्रक्रिया वही लिहून मिटते, अपत्यांना निरोप देते, मग जाते. ९ क्रमांकाचा संकेत प्रक्रियेला ऐकूंच येत नाहीं. गाभाच तिला उचलून नेतो, हातांतील वही उघडीच राहते. म्हणून आधीं १५, मग थोडा धीर, आणि अगदीं निरुपाय झाला तरच ९.

मीं त्या रात्रीं बटण दाबून धरलें तें ९ पेक्षांहि वाईट होतें; त्यांत प्रक्रियेबरोबर तबकडीलाहि आपलें काम पुरें करण्यास अवसर मिळाला नाहीं. पांच मिनिटें थांबलों असतों तर पंखा आपोआप शांत झाला असता, आणि तीन महिन्यांचा किराणा, दूध, मुलांची फी यांचा हिशेब जुन्या पावत्या चाळून पुन्हां लिहिण्याचा प्रसंग पत्नीवर आणि माझ्यावर आला नसता. आतां रात्रीं वही मिटल्यावर मी एकवार यादी उघडून पाहतों. कोणी राबत असेल तर त्याचें काम होईपर्यंत दिवा ठेवतों. आणि कोणी उगीचच रेंगाळत असेल तर त्याला आधीं विनंति करतों. मांडव उतरेपर्यंत कर्त्यानें अंगणांत थांबावें, ही आपल्या घरांतली जुनीच चाल आहे.